पडद्यावरची नजाकत, पडद्यावरचं नाव: अडल्ट सिनेमातलं ‘क्लासी’ नेमकं कशानं बनतं?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं अश्लील मजकूर दाखवणारी २५ अ‍ॅप आणि संकेतस्थळं बंद करायचे आदेश काढले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये १८ ओटीटी मंचांवर अशीच कारवाई झाली होती. दोन्ही वेळा पुण्याच्या कट्ट्यांवरची चर्चा एकाच वळणानं गेली. एक जण म्हणतो, गलिच्छ प्रकार होता, बरं झालं. दुसरा आवाज जरा खाली आणून म्हणतो, आपल्याकडचं थिल्लर असतं हो, बाहेरचे लोक तेच किती क्लासी दाखवतात!

हा लेख त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. माणसं तीच, कृती तीच, तरी एक चित्रफीत बघवत नाही आणि दुसरीत नजाकत वाटते, असं का? त्या नजाकतीत संस्कृतीचा वाटा थोडा असतो. दिवे, कापड, हातात असलेला वेळ आणि सही केलेले कागद यांचा वाटा फार मोठा असतो. शिवाय ती नजाकत पाहून आपण कलाकाराविषयी जे जे ठरवून टाकतो, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

आधी गल्लत सोडवू

तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच माळेत ओवतो. पहिली म्हणजे ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्ड हे प्रमाणपत्र देतं आणि ते निव्वळ मारामारी-रक्तपातावरही मिळू शकतं. दुसरी म्हणजे शृंगारपट. यात प्रणय हाच विषय असतो, पण शरीरसंबंध अभिनयानं सुचवलेला असतो. तिसरी म्हणजे अडल्ट फिल्म, जिच्यात तो खरोखर घडतो आणि कॅमेरा तो थेट टिपतो.

भारतात हा तिसरा प्रकार विकणं आणि नेटवरून पसरवणं गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सांगतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये अशा चित्रीकरणासाठी कलाकारांना पैसे देणं म्हणजे वेश्याव्यवसाय चालवणं नव्हे, असा निकाल दिला आणि लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात हा धंदा उघडपणे स्थिरावला. त्यामुळे खाली त्या प्रकाराची उदाहरणं तिकडची आहेत. दिवे आणि लेन्सचं गणित मात्र सगळीकडे एकच.

परिभाषेतला एकच शब्द लागणार आहे: पर्सोना. कलाकाराचं पडद्यापुरतं रूप म्हणजे पर्सोना. त्यात नाव, पेहराव, चालणं, बोलण्याची पट्टी, स्वभाव सगळं आलं.

पर्सोना पुण्याला नवा नाही

नारायण श्रीपाद राजहंस या पुरुषानं रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. त्या इतक्या प्रभावी होत्या की घरंदाज बायका त्याच्यासारखं नेसायला आणि त्याच्यासारखा गजरा माळायला लागल्या. राजहंस हे नाव मागे पडलं आणि बालगंधर्व उरलं. १९६८ पासून पुण्याचं नाट्यगृहही त्याच नावानं उभं आहे. प्रेक्षकांना भामिनी, रुक्मिणी पुरुष साकारतोय हे पक्कं ठाऊक होतं, तरी नजाकत खरी वाटायची. पर्सोना चालतो तो असा. बघणाऱ्याला तो बनवलेला आहे हे माहीत असलं तरी त्याचा परिणाम कमी होत नाही.

शृंगाराच्या बाबतीत याहून जवळचा दाखला बैठकीच्या लावणीचा. नखशिखांत नऊवारी, दिसतो फक्त चेहरा, हात आणि पावलं. गाणारी बसलेली असते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी अदा बदलते: एकदा भुवई, एकदा मान, एकदा नुसतं पदराचं टोक. कपडे किती उतरले यावर शृंगार मोजता येत नाही, हे आर्यभूषण थिएटरातल्या जुन्या रसिकाला कुणी शिकवायची गरज पडली नसती. पण याच रसिकांतले कितीतरी जण फडावरची बाई फडाबाहेरही तशीच असणार, असं धरून चालत आले. अडल्ट फिल्ममधल्या कलाकारांबाबत जगभर हीच चूक होते. तिच्याकडे पुढे वळूच. आधी तांत्रिक भाग.

दिव्याचं गणित

त्वचा सुंदर दिसणं म्हणजे मुख्यतः सावलीची कड मऊ असणं. एप्रिलमधल्या भर दुपारी लक्ष्मी रोडवर काढलेला फोटो आणि श्रावणातल्या ढगाळ दिवशी तिथेच काढलेला फोटो शेजारी ठेवा. उन्हात नाकाखाली आणि डोळ्यांखाली काळे डाग पडतात, ढगाळ हवेत चेहरा सलग दिसतो. सूर्य तोच असतो, पण ढगांमुळे अख्खं आकाश दिवा होतं.

सेटवर हे आकाश कापडानं तयार करतात. चार फूट बाय चार फुटांच्या चौकटीवर पांढरं अर्धपारदर्शक कापड ताणायचं, मागे दिवा लावायचा आणि चौकट माणसापासून चार-पाच फुटांवर आणायची. आता दिवा म्हणजे ते सोळा चौरस फुटांचं कापड. हीच चौकट पंधरा फूट लांब नेली की माणसाच्या नजरेतून ती लहान होते आणि सावल्या पुन्हा कडक होतात. नवख्या सेटवर नेमकं इथेच बिघडतं. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून चौकट मागे सरकवली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

दुसरा दिवा मागून आणि वरून लावतात. खांदा, कंबर, केस यांच्या कडेनं बारीक उजळ रेघ येते आणि शरीर पार्श्वभूमीपासून सुटं होतं. सावळ्या त्वचेवर ही रेघ विशेष खुलते. भारतीय सेटवर मात्र जुन्या सवयीनं समोरूनच भडक प्रकाश मारून त्वचा ‘उजळ’ करायचा मोह होतो. त्यात कपाळ आणि नाक चमकतं, गोलाई नाहीशी होते आणि चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट होतो. आपल्याकडच्या स्वस्त वेब मालिका थिल्लर वाटतात त्याचं निम्मं कारण कथेत नसतं, या समोरच्या दिव्यात असतं.

मग रंग. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळसर दिवा साधारण ३२०० केल्विनचा, दिवसाचा उजेड ५६०० च्या आसपास. खोलीत पिवळे दिवे लावले आणि खिडकीतून दुपारचा उजेड येऊ दिला, तर एक गाल केशरी आणि दुसरा निळा होतो. हे मुद्दाम, मोजून केलं तर देखणं दिसतं. चुकून झालं तर माणूस आजारी वाटतो.

आणखी एक खोड खास आपल्याकडची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी टिपला जातो. प्रत्येक चित्राला किती वेळ प्रकाश मिळतो हे ठरवणाऱ्या कॅमेऱ्याच्या शटरचं माप अंशांत असतं. हे शटर नेहमीच्या १८० अंशांवर ठेवलं की हा मेळ बसत नाही आणि चित्र लपलपतं. शटर १७२.८ अंशांवर आणलं की प्रत्येक चित्राला बरोबर १/५० सेकंद प्रकाश मिळतो आणि लपलप थांबते. प्रणयाच्या दृश्यात गती मंदावण्यासाठी सेकंदाला ४८ चित्रं घेतात, तेव्हाही हाच कोन चालतो, कारण मग प्रकाशकाळ १/१०० होतो. सजावटीसाठी लावलेल्या स्वस्त एलईडी माळा मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. त्या आधी कॅमेऱ्यातून तपासाव्या लागतात.

लेन्सचं थोडक्यात सांगायचं तर, ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स जरा लांबून लावली की शरीराची प्रमाणं नैसर्गिक राहतात. २४ मिलिमीटरची लेन्स जवळ नेली की पुढचा हात भलामोठा आणि डोकं लहान दिसतं. लेन्सपुढे धूसरपणा आणणारी काच लावतात, एक अष्टमांश किंवा एक चतुर्थांश ताकदीची. त्याहून जास्त ताकदीची लावली आणि चौकटीत उघडा दिवा असला, तर दिव्याभोवती मोठं वलय येतं आणि सगळं धुक्यात गेल्यासारखं वाटतं. सत्तरच्या दशकात काही जण लेन्सच्या मागे बाईच्या पायमोज्याचं जाळीदार कापड ताणून हाच परिणाम साधायचे.

चादर, इलॅस्टिक आणि एसी

नजाकतीचा खरा शत्रू घट्ट इलॅस्टिक. सकाळी घातलेल्या अंतर्वस्त्राचे आणि मोज्यांचे वळ त्वचेवर तासभर किंवा त्याहून जास्त टिकतात आणि बाजूच्या दिव्यात ठळक दिसतात. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी कलाकाराला सैल कपड्यांत यायला सांगतात. कोपर, गुडघे, टाचा यांचा रंग बाकीच्या त्वचेपेक्षा गडद असतो, तिथे अंगाचा मेकअप लागतो. हा मेकअप चादरीला लागतो. पांढऱ्या चादरीवर त्याचे डाग पडतात, शिवाय पांढरा रंग कॅमेऱ्यात इतका उजळतो की त्यापुढे त्वचा काळवंडलेली वाटते. त्यामुळे पडद्यावर पांढरी वाटणारी चादर बहुतेकदा फिकट बदामी किंवा राखी असते.

सॅटिन फोटोत छान दिसतं. हलत्या चित्रात त्यावर दिव्याचे पांढरे पट्टे उमटतात, माणूस त्यावरून घसरतो आणि माइकमध्ये खसखस आवाज येतो. जाडसर सुती चादर, आदल्या दिवशी धुतलेली आणि इस्त्री न केलेली, कधीही बरी.

आवाजासाठी एसी बंद करावा लागतो. बंद खोली, चार दिवे, पुण्याचा मे महिना. दहा मिनिटांत घाम येतो, मेकअप ओघळतो, केस चिकटतात. मग सगळं थांबवून पुन्हा टिपायचं, केस आधीच्या तुकड्याच्या फोटोशी जुळवून पूर्ववत करायचे, बांगड्या होत्या तितक्याच मोजायच्या. पडद्यावर एका दमात वाहणारं दृश्य असं तुकड्यातुकड्यांत घेतलेलं असतं.

अडल्ट फिल्ममध्ये यावर आणखी एक अडचण येते. शरीर कायम कॅमेऱ्याच्या बाजूला उघडं ठेवावं लागतं, दिव्याच्या आड हात येऊ द्यायचा नाही, केस चेहऱ्यावर येऊ द्यायचे नाहीत. त्यामुळे पडद्यावर जी सहज लवचिक वाटते ती शरीराची ठेवण प्रत्यक्षात अवघडलेली असते आणि मिनिटंच्या मिनिटं तशीच धरून ठेवावी लागते. मान, कंबर, गुडघे दुखतात. खऱ्या आयुष्यात कुणी तसं वागत नाही, कारण तिसऱ्या बाजूला कॅमेरा नसतो. तरुण मुलामुलींनी हे बघून स्वतःच्या शरीराची किंवा जोडीदाराची तुलना करायला लागणं किती चुकीचं आहे, ते यावरून समजावं.

वेताची खुर्ची आणि नंतरची उतरण

‘क्लासी’ची आजची कल्पना बरीचशी १९७४ च्या ‘इमॅन्युएल’ या फ्रेंच सिनेमातून आली. दिग्दर्शक जुस्त जॅकँ मूळचा फॅशन छायाचित्रकार होता आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा. नायिका सिल्व्हिया क्रिस्टेल डच होती, चित्रीकरण थायलंडमध्ये झालं. वेताच्या उंच, मोरपिसाऱ्यासारख्या पाठीच्या खुर्चीत बसलेली नायिका हे त्याचं पोस्टर जगभर पोचलं. त्यात नवल कथेचं नव्हतं. फॅशनच्या मासिकातली शिस्त, म्हणजे एक वस्तू, एक कपडा, एक दिशा असलेला प्रकाश आणि भरपूर रिकामी जागा, त्यानं शृंगारपटात आणली. हा सिनेमा अभिनयानं सुचवणाऱ्या जातीचा आहे, हे विसरायला नको. त्याची तुलना थेट अडल्ट फिल्मशी करणं मुळात गैर आहे. पॅरिसच्या शांझेलिझे या प्रसिद्ध रस्त्यावरच्या थिएटरात तो कित्येक वर्षं चालला. लगेच १९७५ च्या अखेरीस फ्रान्सनं थेट अडल्ट सिनेमांसाठी ‘एक्स’ वर्ग आणि जादा कर आणला.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली. फिल्मचा खर्च गेला, तशी शिस्तही गेली. फिल्म महाग असल्यामुळे प्रत्येक मिनिटाचा विचार व्हायचा. टेप स्वस्त, मग खोलीभर सपाट उजेड आणि कॅमेरा चालूच. त्या काळी काही कंपन्यांनी उलटा डाव टाकला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या व्हिव्हिडनं जुन्या हॉलिवूडसारखं कलाकारांना करारानं बांधून घेतलं आणि सिनेमापेक्षा कव्हरवरचं नाव आणि चेहरा विकायला काढला. अडल्ट फिल्ममधला पर्सोना धंद्याच्या मध्यभागी आला तो इथून.

पर्सोना बनतो कसा?

सुरुवात नावापासून होते. टोपणनावाचं पहिलं काम संरक्षण: घरचे, शेजारी, पुढची नोकरी यांच्यापासून आडोसा. दुसरं काम बाजारातली ओळख. नाव छोटं, उच्चारायला सोपं आणि आधी कुणी न घेतलेलं हवं. इथे सगळ्यात मोठा सापळा करारात असतो. नाव कंपनीच्या मालकीचं लिहून दिलं असेल, तर कंपनी सोडताना कलाकाराला स्वतःचंच नाव मागे ठेवावं लागतं.

मग पेहराव आणि वागणं. ‘शालीन’ पर्सोनाचे ठोकताळे ठरलेले आहेत: हालचाल सावकाश, वाक्यं छोटी, आवाज खालच्या पट्टीत, दागिना एकच, कपड्याला शिवण नेटकी, आणि दृश्याच्या आधीचा वेळ लांब. प्रेक्षकाला वाट बघायला लावली की त्याला ती व्यक्ती दुर्मीळ वाटते. यातली कुठलीच गोष्ट स्वभावाचा पुरावा नाही. सेटवर मोठ्यानं हसणारी, वडापाव खाणारी बाई कॅमेऱ्यापुढे हे सगळं करू शकते, आणि करते.

नावाची किंमत किती टिकते ते सनी लिओनीच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं आहे. अमेरिकेत मिळवलेलं पडद्यावरचं नाव घेऊन ती २०११ मध्ये ‘बिग बॉस’मध्ये आली, २०१२ मध्ये हिंदी सिनेमात. तिनं नाव बदललं नाही, त्याचा अर्थ बदलत नेला. हे फार थोड्यांना जमतं, कारण या धंद्यात बहुतेकदा दृश्यामागे एकरकमी मानधन मिळतं. ती चित्रफीत पुढे वीस वर्षं विकली गेली तरी कलाकाराला त्यातलं काही येत नाही. माणूस निवृत्त होतो, पर्सोना होत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ओन्लीफॅन्ससारख्या वर्गणीच्या मंचांनी हे गणित थोडं फिरवलं. मंच २० टक्के ठेवतो, बाकी कलाकाराला. पण मग प्रकाश, हिशोब, ग्राहकांशी गप्पा हे सगळं कलाकाराच्याच माथी आलं. वर्गणीदाराला पर्सोनाशी रोज बोलायचं असतं, त्यामुळे सुट्टी नावाची गोष्ट उरत नाही.

“एवढी हसतमुख दिसते, म्हणजे खुशीनंच करत असणार ना?”

दिसण्यावरून कळत नाही. १९७२ च्या ‘डीप थ्रोट’ या अमेरिकी अडल्ट फिल्मनं असे सिनेमे उघडपणे थिएटरात जाऊन पाहण्याची फॅशन आणली. तिची नायिका लिंडा लव्हलेस या नावानं गाजली. १९८० मध्ये तिनं लिहिलं की नवऱ्यानं मारहाण करून, धमकावून हे काम करून घेतलं, आणि तिच्या अंगावरचे वळ त्या सिनेमात दिसतात. लाखो लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. कुणाच्या नजरेत भरले नाहीत, कारण समोर हसरा पर्सोना होता.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. रडवेलं, दमलेलं दिसणारं दृश्य ठरवून, सगळ्यांच्या संमतीनं केलेलं असू शकतं. म्हणून चेहरा बाजूला ठेवून कागद बघायचे असतात. अमेरिकेत १९८८ पासून निर्मात्याला प्रत्येक कलाकाराच्या वयाचा पुरावा जपून ठेवावा लागतो. १९८६ मध्ये एक कलाकार खोट्या ओळखपत्रावर, अल्पवयीन असतानाच काम करत होती हे उघड झालं, त्यानंतरचा हा कायदा. त्याशिवाय हो-नाहीची यादी असते: काय चालेल, काय चालणार नाही, कुणाबरोबर चालणार नाही. ही यादी सेटवर पोचल्यावर नव्हे, आधी लिहून घेतात. सेटवर दिवे लागलेले असताना, वीस माणसं खोळंबलेली असताना दिलेला होकार हा होकार मानणं अवघड आहे. लैंगिक आजारांच्या ताज्या चाचण्या, चित्रीकरणापूर्वी आणि नंतर कॅमेऱ्यापुढे संमतीचं निवेदन, हेही चांगल्या निर्मात्याकडे ठरलेलं असतं. ऑक्टोबर २०२१ पासून मास्टरकार्डनं अशा संकेतस्थळांना ओळख आणि संमतीची कागदपत्रं सक्तीची केली. जे काम कायद्यांना वर्षानुवर्षं जमलं नाही, ते पैशाची वाट अडवल्यावर बऱ्याच अंशी झालं, हा भाग बोलका आहे.

मुख्य प्रवाहातल्या सिनेमात या कामासाठी आता वेगळी व्यक्ती असते, तिला इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणतात. ‘द ड्यूस’ ही सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्कमधल्या अडल्ट धंद्यावरची मालिका, आणि तिच्याच सेटवर २०१८ मध्ये एचबीओनं ही भूमिका रुजवली. आपल्याकडे २०२२ च्या ‘गहराइयाँ’च्या श्रेयनामावलीत दार गाय यांचं नाव इंटिमसी दिग्दर्शक म्हणून आलं. ही व्यक्ती दृश्य नृत्यासारखं बसवते: हात कुठे, किती वेळ, कोणत्या वाक्यावर. त्वचेच्या रंगाची चिकट आच्छादनं आणि दोघांच्या मध्ये पातळ गादीचा अडसर देते. गोंदाची आधी त्वचेवर चाचणी घेते, नाहीतर पुरळ उठतं. सेट बंद ठेवते, म्हणजे गरजेपुरतीच माणसं आत, बाहेरचे मॉनिटर झाकलेले, फोन जमा. सगळं इतकं ठरवल्यावर दृश्य यांत्रिक होईल, असा आक्षेप दिग्दर्शक घेतात. होतं उलटं. पुढच्या क्षणी समोरचा काय करेल ही धास्ती गेली की खांदे सैल पडतात, आणि सैल खांदे कॅमेऱ्यात लगेच दिसतात.

“सुंदर असेल तर ते अश्लील कसं?”

हा वाद मराठीत जुना आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रं असायची आणि आत लैंगिक आरोग्याची रोखठोक माहिती. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी खटला हरला.

तेव्हाची कसोटी १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिक्लिन निकालाची होती: एखादा उतारासुद्धा कच्च्या मनाच्या माणसाला बिघडवू शकत असेल तर अश्लील. सर्वोच्च न्यायालय हळूहळू त्यापासून दूर सरकलं. १९९६ मध्ये ‘बँडिट क्वीन’बाबत न्यायालयानं म्हटलं की त्यातली नग्नता वासना चाळवायला नाही, अत्याचाराची चीड यावी म्हणून आहे. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात हिक्लिन कसोटी बाजूला ठेवून आजच्या समाजाची सर्वसाधारण धारणा आणि पूर्ण संदर्भ पाहा, असं सांगितलं. त्या खटल्यात टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या तेव्हाच्या वाग्दत्त वधूचं वंशभेदाविरुद्धचं छायाचित्र होतं.

म्हणजे नजाकतीला कायद्यात किंमत आहे, पण ती संदर्भाचा भाग म्हणून. ‘प्रकाश छान होता’ हा कलम ६७अ पुढे बचाव होत नाही. थेट लैंगिक कृती दाखवणारा मजकूर नेटवर टाकला, तर लेन्स कुठली होती हे कुणी विचारत नाही. आणि मुलांचा संबंध आला की सगळी चर्चाच संपते. तसा मजकूर निव्वळ साठवणं, बघणं हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

“आता एआय आलंय, मग कलाकार तरी कशाला?”

एआयला मऊ प्रकाश, धूसर काच, खालच्या पट्टीतला आवाज, हे सगळं उत्तम जमतं, कारण हे सगळे ठोकताळे आहेत. संमती त्याला तयार करता येत नाही. व्यवहारात त्याचा मोठा वापर नवे पर्सोना घडवायला होत नाही. दुसऱ्याचा चेहरा चोरायला होतो. आणि चोरलेला चेहरा फक्त नटीचा असतो असं नाही. कोथरूडमधली कॉलेजला जाणारी मुलगी असू शकते, हिंजवडीतली सहकारी असू शकते.

असं झालं तर पहिली चूक होते ती घाबरून सगळं पुसून टाकण्याची. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात पत्त्याची पूर्ण ओळ, खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मग त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. नग्नता किंवा बनावट चित्राच्या तक्रारीसाठी नियमांनी मुदत दिवसांत नव्हे, तासांत दिलेली आहे. स्टॉपएनसीआयआय या मोफत सेवेत चित्र कुठेही पाठवावं लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा आकडेरूपी ठसा तयार होतो आणि सहभागी मंच तो ठसा जुळला की चित्र अडवतात. पोलिसांत जायचं तर केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. पोलीस ठाण्यात गेलात आणि ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकू आलं, तर शून्य क्रमांकाचा एफआयआर मागा. दखलपात्र गुन्हा असेल तर कुठल्याही पोलीस ठाण्याला तो नोंदवून घेऊन योग्य हद्दीत पाठवावा लागतो.